‘आता बरं आहे’ इंग्रजीत कसं सांगायचं: टीबीच्या सहा महिन्यांतली माझी वही

मी नाशिकला सिडकोत राहते आणि अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एक्स्पोर्ट डिस्पॅचचं काम बघते. पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, कंटेनर कधी लागणार, माल कधी निघणार, हे रोजचं. इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाशी दर गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉल असतो, त्यामुळे कामापुरतं इंग्रजी तोंडात बसलेलं आहे. आजारपणाचं इंग्रजी मात्र येत नाही, हे आजारी पडल्यावर कळलं.

गेल्या वर्षी मला फुप्फुसाचा टीबी झाला. 9 जुलै 2025 ला गोळ्या सुरू झाल्या, 23 डिसेंबरला संपल्या. जुलैमध्ये अंथरुणात पडल्या पडल्या मी मोबाइलवर शोधत होते, की आजारातून उठणाऱ्या माणसानं इंग्रजीत बोलायचं काय? सापडल्या त्या ‘गेट वेल सून’च्या शंभर तऱ्हा. त्या भेटायला येणाऱ्यानं म्हणायच्या. अंथरुणावरच्या माणसानं उत्तर काय द्यायचं, ते मिळेना. म्हणून हे लिहितेय.

खोकला जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. पावसाळा लागतोय, होतोच खोकला, असं म्हणून मी तो अंगावर काढला. मग एका खासगी दवाखान्यात तीन आठवडे सिरप आणि अँटिबायोटिक. संध्याकाळी कणकण, रात्री उशी ओली होईल इतका घाम, आणि वजन 51 वरून 46. त्या तीन आठवड्यांत एक्स-रे धरून 3,800 रुपये गेले. शेवटी आमच्या भागातल्या आशाताईच म्हणाल्या, “दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे ना? मग बेडका तपासून घे, पैसे लागत नाहीत.” शनिवारी 5 जुलैला नमुना दिला, सोमवारी रिपोर्ट आला. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबीच्या रुग्णांच्या सरकारी नोंदीत, नाव घातलं, आयडी दिला, बँकेचं पासबुक मागितलं, कारण उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना 1,000 रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर 2024 पर्यंत ते 500 होते. वजनाप्रमाणे मला रोज तीन गोळ्या. “लघवी केशरी होईल, घाबरू नको,” हे त्यांनी आधीच सांगितलं, ते फार बरं केलं.

त्या रात्री ऑफिसला मेल लिहायचा होता. आमच्या एचआरला सगळं इंग्रजीत लागतं. मी लिहिलं, “आय ॲम सफरिंग फ्रॉम टीबी सिन्स वन मंथ अँड माय हेल्थ इज नॉट वेल.” पाठवलं आणि रडले. वाक्य चुकलं म्हणून नाही, तो शब्द स्वतःच्या हातानं पहिल्यांदा टाइप केला होता म्हणून.

पहिले दोन आठवडे मी मागच्या खोलीत. खिडकी सताड उघडी, तोंडाला मास्क, ताट दाराशी. आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची. आमच्या शेजारच्या बाई इंग्रजीच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांनी तिसऱ्या दिवशी फोन केला. “काय करतेस दिवसभर?” मी म्हटलं, “काही नाही बाई, छताकडे बघते.” आणि तो मेल त्यांना वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “वही घे. रोज संध्याकाळी सहाला मी फोन करीन. रोज एकच वाक्य, पण ते तुझं स्वतःचं असलं पाहिजे.” फी विचारली तर रागावल्या. दोनशे पानी वही धाकट्या भावानं दाराच्या फटीतून आत सरकवली. शिकण्याचा खर्च तेवढाच.

पहिला धडा त्या मेलचा. आपण ‘महिन्यापासून’ म्हणतो, म्हणून बोट आपोआप ‘सिन्स’वर जातं. पण ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा दिवस लागतो आणि ‘फॉर’नंतर किती काळ ते. ‘सिन्स जून’, पण ‘फॉर अ मंथ’. आणि सुरुवात ‘आय ॲम’नं नाही, ‘आय हॅव हॅड’नं करायची: “आय हॅव हॅड अ कॉफ फॉर अ मंथ.” ‘सफरिंग’ही त्यांनी काढून टाकलं. म्हणाल्या, “साध्या बोलण्यात ‘आय हॅव’ पुरतं. प्रत्येक दुखण्याला दुःखात कशाला बुडवायचं?”

दुसरा धडा माझा मीच काढला. बाईंनी सांगितलं होतं, आधी मराठीत बरं होण्याच्या जेवढ्या तऱ्हा आठवतील तेवढ्या लिही. मला वाटलं, चारपाच होतील. पान भरलं. गुण आला. उतार पडला. ताप निघाला. तोंडाला चव आली. अंगात त्राण आलं. उठून बसली. हिंडूफिरू लागली. पथ्य सुटलं. ठणठणीत झाली. खडखडीत बरी. हे सगळं येत असताना मी फोनवर प्रत्येकाला एकच सांगत होते, “आता बरं आहे.” इंग्रजीतही तेच चाललं होतं, ‘आय ॲम फाइन’. मग त्या पानासमोर एकेक जोडी लावत गेलो. ‘गुण आला’ला “द मेडिसिन इज वर्किंग”. ‘उतार पडला’ला “आय हॅव टर्न्ड द कॉर्नर”, म्हणजे वळण पार केलं, वाईट काळ मागे पडला. ‘तोंडाला चव आली’ला “माय ॲपेटाइट इज बॅक”. ‘हिंडूफिरू लागले’ला “आय ॲम बॅक ऑन माय फीट”, हे जवळजवळ मराठीच. ‘अंगावर काढणं’ला मात्र नेमका तसाच शब्द बाईंनाही सापडेना. “आय इग्नोअर्ड इट” म्हणता येतं, पण त्यात ते अंग नाही. ती जागा वहीत अजून रिकामी आहे.

मला सगळ्यात आवडलं ते “आय ॲम ऑन द मेंड”. मेंड म्हणजे दुरुस्त करणं, कपडा असेल तर फाटलेलं शिवणं. आई तेव्हा दाराबाहेर बसून भावाच्या शाळेच्या पँटीला रफू करत होती. मी तिला म्हटलं, “आई, इंग्रजीत बऱ्या होणाऱ्या माणसाला रफू चालू आहे म्हणतात.” ती दोरा तोडता तोडता म्हणाली, “मग बरोबर आहे. रफू घाईनं करता येत नाही.”

इथे कागदपत्रांचं सांगते, कारण अर्धी दमछाक त्यातच होते. माझा पगार 19,500, म्हणजे 21,000 च्या आत, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू आहे. आजारपणाच्या रजेचा भत्ता सरासरी रोजगाराच्या 70 टक्के मिळतो, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. माझ्या हिशेबानं रोजचे 455 रुपये. त्यासाठी आधीच्या सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. जुलैतल्या आजारपणाला ऑक्टोबर ते मार्चची सहामाही धरतात, हे मला माहीत नव्हतं, मी उगाच एप्रिलनंतरच्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स काढत बसले. पहिले दोन दिवस धरत नाहीत. टीबीसारखे काही आजार लांबले तर 91 दिवसांनंतरही वाढीव भत्ता असतो, 80 टक्क्यांनी, पण त्याला दोन वर्षांची नोकरी वगैरे अटी आहेत. मला तेवढी गरज पडली नाही.

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटांच्या तारखा एकमेकींना चिकटून हव्यात. माझ्या दोन सर्टिफिकेटांच्या मध्ये पाच दिवस सुटले होते, मला वाचताना दिसलंच नाही. त्यापायी ईएसआयच्या खिडकीवर तीन फेऱ्या झाल्या. आधारवर एक स्पेलिंग आणि पासबुकावर दुसरं, त्याची चौथी. सर्टिफिकेट हातात आलं की खिडकीसमोरच उभं राहून ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ या दोन तारखा वाचा, मगच वळा.

दोन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले की आता संसर्गाची भीती नाही, पण कामावर जाण्याइतकी ताकद नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि इंग्रजीत त्या वेगळ्या सांगता येतात, हे बाईंनी मला घोकूनच घ्यायला लावलं. “आय ॲम नो लाँगर कंटेजियस, बट आय ॲम स्टिल रिकव्हरिंग.” आता बाई गच्चीवर यायला लागल्या होत्या. मोकळ्या हवेत, दोन खुर्च्यांमध्ये बरंच अंतर. ‘रिकव्हरिंग’ आणि ‘रिकव्हर्ड’ यांवर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. एकात वाट चालू आहे, दुसऱ्यात घर आलं. मला सारखं ‘रिकव्हर्ड’ म्हणावंसं वाटायचं. रजा वाढत होती, पगार कापला जात होता, लवकर कामावर जायचं होतं. बाई म्हणाल्या, “जे झालं नाही ते झालं म्हणू नकोस. लोक तुझ्या शब्दाप्रमाणे काम देतील.” त्याच संध्याकाळी ‘हील’ आणि ‘क्युअर’ही झालं. जखम आणि हाड हील होतं, रोग क्युअर होतो, आणि माणूस रिकव्हर होतो. टीबीत तर ‘क्युअर्ड’ला कागदावरचा ठरलेला अर्थ आहे. सुरुवातीला बेडक्यात जंतू सापडले होते आणि उपचार संपल्यावर तपासणीत सापडले नाहीत, तरच कार्डावर तो शब्द येतो. तोपर्यंत तो आपण आपल्या मनानं वापरायचा नाही.

25 ऑगस्टला, सोमवारी, मी कामावर रुजू झाले. ‘फिट टू रिझ्यूम’ असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं, आणि सोबत ‘लाइट ड्यूटी’चं एका ओळीचं पत्र मुद्दाम मागून घेतलं. हे न लाजता मागा. त्यामुळे महिनाभर मला गोदामात उभं राहावं लागलं नाही, टेबलाचंच काम मिळालं. बुधवारी गणपती बसले आणि गुरुवारी, 28 तारखेला, पहिला कॉल.

पलीकडे नेहमीचीच बाई होती, आम्ही तीन वर्षं एकमेकींना फक्त कंटेनरचे नंबर सांगत आलो होतो. तिनं विचारलं, “हाऊ आर यू फीलिंग?” वहीतलं सगळं डोक्यातून पळालं आणि तोंडातून निघालं, “आय हॅव वीकनेस.” ती गप्प झाली. मग फार हळू आवाजात म्हणाली, “ओह. ऑन विच साइड?” मला काही कळेना. तिला वाटलं होतं, मला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. आपल्याकडे ‘विकनेस आलाय’ म्हणजे गळून गेल्यासारखं वाटतंय. तिकडे ते ऐकलं की हात किंवा पाय चालत नाही असा अर्थ होऊ शकतो. मी म्हटलं, “नो, नो, आय मीन आय टायर ईझिली.” आणि मग श्वास घेऊन सरळ सांगितलं, “आय हॅड टीबी. आय ॲम नो लाँगर कंटेजियस. आय ॲम ऑन द मेंड.”

ती म्हणाली, तिच्या आजोबांना टीबी झाला होता, तिची आई लहान असताना. घरी त्यावर कुणी बोलायचं नाही. पाच मिनिटं आम्ही कंटेनर सोडून त्या आजोबांबद्दल बोललो.

आमच्याही घरी कुणी बोलत नव्हतं. नातेवाइकांना ‘न्यूमोनिया’ सांगितला होता. माझ्या लग्नाचं बघत होते, म्हणून आईचाच आग्रह होता, आणि मला तिचा रागही येत नव्हता. पण त्या कॉलनंतर मला जाणवलं, की ज्या शब्दानं घरात सगळे आवाज खाली येतात तो मी परक्या भाषेत, परक्या बाईला, मान वर करून सांगितला. इंग्रजीत त्या शब्दाला माझ्या आजीचा आवाज चिकटलेला नव्हता. ‘क्षय’ म्हणजे झिजणं, आणि बाईंनी सांगितलं की इंग्रजांचा जुना शब्द ‘कन्झम्प्शन’ही तसाच, माणूस आतून खाल्ला जातो असा. भीती दोन्हीकडे होती. त्या रविवारी मी मावशीला फोन लावला आणि मराठीत म्हटलं, “मावशी, न्यूमोनिया नव्हता. टीबी होता. औषधं चालू आहेत, आता माझ्यापासून कुणाला धोका नाही.” ती म्हणाली, “अगं, मग अंडी पाठवते गावाकडून.” तेवढंच. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिनं काही म्हटलं नाही, पण रात्री माझ्या ताटात तूप जास्त वाढलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार औषधांचे दोन महिने संपले, बेडका निगेटिव्ह आला, आणि तीन औषधांचे चार महिने सुरू झाले. सरकारी हिशेबात हा महिना 28 दिवसांचा, म्हणजे एकूण 168 डोस. मी वहीच्या शेवटच्या पानावर 168 चौकटी आखल्या होत्या. भत्त्याचे पैसे 26 सप्टेंबरला जमा झाले, 45 दिवसांचे 20,475. तोपर्यंत भावाच्या क्लासची फी उसनी घेऊन भरली होती. पैसे लगेच येतील या भरवशावर राहू नका.

दिवाळीनंतर एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. सर्दीताप आला, दोन दिवस घरी राहिले आणि एचआरला लिहिलं, “आय हॅड अ रिलॅप्स.” मला म्हणायचं होतं, बरी होत होते आणि पुन्हा जरा पडले. पण टीबीच्या माणसानं ‘रिलॅप्स’ लिहिलं की त्याचा अर्थ एकच, टीबी उलटला. मला गेटवरच थांबवलं. नवं सर्टिफिकेट आणेपर्यंत आत नाही. डॉक्टरांनी तपासलं, साधा व्हायरल होता, पण आणखी दोन दिवस बिनपगारी गेले आणि आई दोन रात्री झोपली नाही. बाईंनी वहीत तांबड्या शाईनं लिहून दिलं: “जस्ट अ कोल्ड. आय ॲम गेटिंग ओव्हर इट.” सर्दीसारख्या किरकोळ दुखण्याला ‘गेटिंग ओव्हर’. बरं होण्यात मोठी अडचण आली, तर ‘सेटबॅक’. ‘रिलॅप्स’ डॉक्टरांनी म्हणायचं, आपण नाही.

आता पांडवलेणीचं. सिडकोतून पाथर्डी फाट्याकडे गेलं की ती समोर दिसते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तर मी आणि बाई रविवारी सकाळी तिथे जायला लागलो. ऑगस्टच्या शेवटी मी वीस पायऱ्यांवर बसले होते. दसऱ्याच्या सुमारास अर्ध्यापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर बाई इंग्रजीत विचारायच्या आणि मी तिथेच, दम लागलेला असताना, उत्तर द्यायचं, ही त्यांची अट. म्हणून ही वाक्यं माझ्या अंगात बसली. खोलीत पाठ केलेली वाक्यं कॉलवर पळून गेली होती, पायरीवर बोललेली गेली नाहीत. तुम्हीही शिकत असाल तर जिथे ते वाक्य खरं आहे तिथे ते मोठ्यानं म्हणा. जेवल्यावर ‘माय ॲपेटाइट इज बॅक’, जिना चढून आल्यावर ‘आय टायर ईझिली’.

23 डिसेंबरला, मंगळवारी सकाळी, शेवटची चौकट भरली. आठवड्यानं पुन्हा नमुना दिला, एक्स-रे झाला. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी कार्ड पुढे सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘क्युअर्ड’. मी तो शब्द दोनदा वाचला. यापुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं आहे, पहिली खेप जूनमध्ये.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही लेण्यांपर्यंत पोचलो. थंडी होती, खाली शहरावर धुकं. मी शेवटच्या पायरीवर उभी, छाती वरखाली होत होती. बाई मागून आल्या, त्यांनाही दम लागला होता. त्यांनी विचारलं, “आर यू शॉर्ट ऑफ ब्रेथ?” दवाखान्यात विचारतात तो प्रश्न, जुलैमध्ये ज्याला माझं उत्तर ‘यस’ होतं. मी म्हटलं, “नो, बाई. जस्ट आउट ऑफ ब्रेथ. लाइक यू.” त्या कठड्यावर बसल्या आणि डबा उघडला. मावशीच्या अंड्यांचं ऑम्लेट होतं.